नापास केलेली बाटली

माणसाने आयुष्यात किती गाढवपणा करावा याला काही कोटा असतो की नाही? असेल, तर माझा सगळा कोटा मी एका संध्याकाळी, पंधरा मिनिटांत, खालापूरच्या एका स्वयंपाकघरात संपवला. ऐका. मी नाही सांगितलं तर आमची मंगल सांगते, आणि ती सांगताना माझा आवाज काढते. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं.

तर मी विलास ठोंबरे. राहणार भिसेगाव, कर्जत. रसायनीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होतो. गेटबाहेर पडणारा प्रत्येक टँकर आधी माझ्या नाकाखालून जायचा. टँकर म्हणजे अख्खा टँकर नाही हो, त्याचा नमुना! बाटलीतला. रंग बघायचा, वास घ्यायचा, मग मशीनला लावायचा. मशीन अर्ध्या तासाने जे सांगायचं ते माझं नाक अर्ध्या मिनिटात सांगायचं. रंग उतरून तपकिरी झाला? नापास. नेलपॉलिशसारखा वास आला? नापास. मोठमोठे मॅनेजर माझ्या टेबलाशी उभे राहून विचारायचे, "ठोंबरे, काय म्हणतं नाक?"

आणि मग झालो निवृत्त. संपलं! नाकाला विचारतो कोण? फार तर मंगल सकाळी दुधाचं पातेलं पुढे करायची, "नासलंय का बघा हो." बत्तीस वर्षांच्या अनुभवाचा हा शेवट. दुपारी तीन वाजता खिडकीत बसून समोरच्या इमारतीवर वाळत घातलेले कपडे मोजायचे. निवृत्त माणसाची दुपार किती लांब असते, ते निवृत्त झाल्याशिवाय कळत नाही. देव करो आणि तुम्हाला उशिरा कळो.

गुप्तेसाहेबांची ओळख झाली ती कर्जतच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे. आमचे नंबर मागेपुढे. तीन तास एका बाकड्यावर बसल्यावर ओळख न होऊन सांगते कोणाला? साहेब पंच्याहत्तरी पार केलेले. जहाजावर इंजिनियर होते, सगळं जग पाण्याच्या बाजूने बघून आलेले. खालापूरला, रस्त्यापासून जरा आत, एक छोटं बैठं घर बांधून राहायचे. एकटेच. त्यांच्या पत्नी, शीलाताई, आदल्या वर्षी गेल्या. मुलगी परदेशात. स्वयंपाकाला जवळच्याच गावातल्या भागीबाई येत.

त्या घरात पाऊल टाकलं की आपला आवाज आपोआप खाली यायचा. टीव्हीशेजारी शीलाताईंचा चष्मा, घडी घातलेला. दाराशी त्यांच्या चपला, जोडून ठेवलेल्या. साहेब रोज त्या चपला ओलांडून आत-बाहेर करायचे. हलवायचे मात्र नाहीत.

फेब्रुवारीत त्यांचा फोन आला.

"विलासराव, येत्या गुरुवारी आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील."

आता यावर काय बोलायचं? अभिनंदन म्हणायचं, की वाईट वाटलं म्हणायचं? मी म्हटलं, "हो का!"

"तीन बाटल्या उघडायच्या आहेत. पोर्ट. तुम्ही क्वालिटीचे माणूस. कुठली कशी, कुठलीची किती लायकी, हे तुम्ही ठरवायचं. संध्याकाळी पाचला या. वहिनींनाही आणा."

खरं सांगू? पोर्ट म्हणजे बंदर, एवढंच मला माहीत. पण 'तुम्ही क्वालिटीचे माणूस' हे वाक्य मी दोन वर्षांनी ऐकत होतो! छाती अशी फुगली की डॉक्टरांना दाखवावी लागली असती.

"पोर्ट ना? त्यात काय, येतो की!" मी म्हणालो.

अभ्यास केला बरं का मी. अगदीच काही अडाण्यासारखा गेलो नाही. मोबाईलवर वाचलं. पोर्ट ही पोर्तुगालची गोड, कडक वाईन. रंग माणकासारखा लाल, वास ताज्या फळांचा. पहिला परिच्छेद वाचला, चष्मा काढला, झालं. खाली आणखी बरंच काही होतं. टॉनी म्हणून कसली एक जात, लाकडी पिंपात वर्षानुवर्षं ठेवतात वगैरे. पण बत्तीस वर्षं अनुभव असलेला माणूस खालचं वाचतो होय?

गुरुवारी स्कूटर काढली. मंगल मागे, तिच्या मांडीवर पिशवीत मोगऱ्याचा हार. पळसदरी मागे पडली, खोपोली गेली, मी रस्ताभर तिला पोर्टवर व्याख्यान देत होतो. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही तिथे फार बोलू नका. दुःखाचं घर आहे."

घरी पोचलो तर साहेब दारात उभे. दाढी नुकतीच केलेली, हनुवटीवर कापल्याची खूण. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीन बाटल्या मांडलेल्या. पहिलीवर छापलेलं, वीस वर्षं. दुसरीवर चाळीस वर्षं. या दोन्ही मुलीने कोणाबरोबर तरी मुद्दाम पाठवलेल्या. तिसरी मात्र वेगळीच. जाड काळपट काच, हाताने लिहिलेलं लेबल, शाई उडून गेलेली.

"आणि ही किती वर्षांची?" मी विचारलं.

"ते आज ठरणार," साहेब म्हणाले. "माझे हात थरथरतात. तुम्हीच उघडा, आणि या तीन काचेच्या जगांत ओता. एक, दोन, तीन. क्रम बदलू नका. मी आंघोळ करून कोट घालून येतो. शीलाने शिवून घेतलेला आहे."

ते गेले. मंगल बाहेरच्या खोलीत शीलाताईंच्या फोटोला हार घालायला गेली. स्वयंपाकघरात राहिलो मी, तीन बाटल्या, आणि एका कोपऱ्यात कांदा चिरणाऱ्या भागीबाई.

पहिली उघडली. रंग विटकरी. माणकासारखा लाल नव्हे, पण लालाच्या कुळातला. म्हटलं, जरा उतरलाय, चालेल. पास.

दुसरी उघडली. रंग तांबूस, कडक चहासारखा. मी भुवया चढवल्या. वास घेतला, भाजलेल्या अक्रोडाचा. काठावर पास.

तिसरीचं बूच ओढलं तर त्याचा भुगाच हातात आला. भागीबाईंकडून स्वच्छ फडकं घेतलं आणि गाळून ओतली. आणि काय बघतो! काळपट तपकिरी, कडेला चक्क हिरवट झाक. अहो, वाईन कसली, काढा! नाक जवळ नेलं मात्र, माझ्या डोक्यात घंटा वाजली. नेलपॉलिश! नवीन कपाटाचं पॉलिश! इथाइल ॲसिटेट! हा वास मी झोपेत ओळखीन. याच्यापायी मी अख्खे टँकर परत पाठवलेत.

आता तुम्ही म्हणाल, विलासराव, एक नंबर विटकरी, दोन नंबर तांबूस, तीन नंबर तपकिरी, हा क्रम तुम्हाला दिसला नाही का? दिसला की! मला वाटलं, पहिली थोडी बिघडलीय, दुसरी जास्त बिघडलीय, आणि तिसरी पार गेली.

मग चाखून का नाही बघितलीत? अहो, आमच्या धंद्यात चाखून बघणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही.

आणि मला साहेबांची दया आली. खरंच सांगतो, पोटातून कळवळा आला. म्हटलं, बिचारा म्हातारा. बायको गेली, हृदय धड नाही, पन्नासाव्या लग्नदिवशी एकटा कोट घालून बसणार, आणि तोंडात काय, तर हे पॉलिश? आजच्या दिवशी तरी याचा घोट कडू होऊ द्यायचा नाही. मी तिसरा जग उचलला आणि मागचं दार उघडलं.

"सायेब, काय करताय?" भागीबाईंनी विळीवरूनच विचारलं.

"खराब झालंय हे. फेकून देतो."

"कशावरनं खराब?"

"रंग बघा की. काळं पडलंय."

भागीबाईंनी विळीवर वाकवलेली मान तिरकी केली. "आमच्या घरी लिंबाचं लोनचं हाय, सासूच्या हातचं. काळं कुळकुळीत पडलंय. पोटात दुखलं की त्येच देतो. जुनं झालं की काळं पडनारच ना? फेकायचं कशाला?"

"बाई, ते लोणचं आहे. ही केमिस्ट्री आहे."

काय वाक्य बोललो बघा! कोणी पाटीवर कोरून माझ्या गळ्यात अडकवलं असतं तरी शोभलं असतं.

मोरीत ओतलं तर वास घरभर राहील, असा शास्त्रीय विचार करून मी तो सगळा जग मागच्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी रिकामा केला. मग एक नंबरच्या बाटलीत उरलेली वाईन तीन नंबरच्या जगात ओतली. पण आता पहिला जग आणि तिसरा जग एकाच रंगाचे! कोणीही ओळखेल. इकडेतिकडे बघितलं तर शेगडीवर भागीबाईंचा कोरा चहा. घातला दोन चमचे. झकास तपकिरी रंग आला.

"सायेबांस्नी इचारलंत का?" भागीबाई.

"त्यांच्या भल्यासाठीच करतोय. तुम्ही काही बोलू नका."

"मी कशाला बोलू?" असं म्हणून त्या पुन्हा कांद्याकडे वळल्या. डोळ्यांना पाणी होतं. कांद्याचं की माझ्या अकलेचं, देव जाणे.

साहेब आले. निळा कोट, आता खांद्यांवर सैल झालेला. टेबलाशी चार खुर्च्या. एका खुर्चीसमोर फोटो, फोटोपुढे रिकामा पेला. मंगलला लिंबू सरबत. साहेब बसले, आणि म्हणाले, "आधी गोष्ट सांगतो. मग चव."

आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली. ती त्यांनी आंघोळीच्या आधी का सांगितली नाही, हा प्रश्न मी आजही देवाला विचारतो.

लग्न झाल्यावर दुसऱ्या वर्षी शीलाताई त्यांच्याबरोबर जहाजावर होत्या. जहाज दुरुस्तीसाठी पोर्तुगालला लागलं. दोघं गावात फिरायला गेली. तिथे एक म्हातारा, आपल्या तळघरात पिंपं ठेवलेली. त्याने एका लहानशा पिंपाकडे बोट दाखवून सांगितलं, ही माझ्या आजोबांनी भरलेली. माझ्या जन्माच्या आधीची. साहेबांनी नखावर थेंब घेऊन चाखली आणि वेडेच झाले. पण खिशात पैसे जेमतेम. आणि शीलाताईंनी त्याच सकाळी एका दुकानात पांढऱ्या लेसचा टेबलक्लॉथ बघून ठेवला होता. दोन्हीपैकी एकच काहीतरी येणार.

"मी बाटली घेतली," साहेब म्हणाले.

मंगलने सरबताचा पेला खाली ठेवला.

"ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ती एवढंच, की त्या म्हाताऱ्याने तुला फसवलं. नव्या वाईनमध्ये चहाचं पाणी मिसळून दिलंय त्याने. तेव्हापासून अठ्ठेचाळीस वर्षं आमचं हेच भांडण. कोणी पाहुणे आले की ती म्हणायची, आमच्याकडे फार मौल्यवान चहा आहे बरं का, बाटलीत! आणि मी म्हणायचो, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला उघडू, मग कळेल तुला."

मी समोरचा पेला हळूच दूर सरकवला.

"म्हणून पोरीकडून या दोन मागवल्या. अशी पोर्ट पिंपात जितकी जुनी होते तितकी लाली सोडते, तपकिरी होते. वीस वर्षांची कशी लागते, चाळीसची कशी लागते, हे आधी चाखायचं. मग ही. ही चाळिशीच्याही पलीकडे गेली, तर मी खरा. नाही, तर शीला खरी. पंच तुम्ही."

जितकी जुनी तितकी तपकिरी! सांगा बरं, अशा वेळी भूमी दुभंगते म्हणतात, ती नेमकी कुठल्या तालुक्यात दुभंगते? खालापुरात नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

साहेबांनी एक नंबर घेतली. जिभेवर फिरवली. "छान. तरुण आहे. फळं लागतात अजून." मग दोन नंबर. डोळे मिटले. "ही बघा. गोडवा आत गेला. अक्रोड, मनुका. घोट गेला तरी चव जात नाही. फरक कळला?"

मीही दोन्हींचा घोट घेऊन मान हलवली. मला काहीच कळत नव्हतं, घाम मात्र कानामागून वाहत होता.

मग त्यांनी तीन नंबर ओतली. आधी फोटोपुढच्या पेल्यात, मग आपल्या. पेला प्रकाशाकडे धरला, पण त्यांना मोतीबिंदू, दिसणार काय? तोंडाला लावली. थांबले. पुन्हा लावली.

बाहेर हमरस्त्यावर ट्रक ब्रेक दाबत होते ते ऐकू येत होते.

"विलासराव, ही तर एक नंबरसारखी लागते."

"असं?" माझा आवाज उंदरासारखा निघाला.

"आणि..." त्यांनी तिसरा घोट घेतला. चेहरा हळूहळू पडत गेला. "चहा. चहा लागतो हो यात."

मी टेबलाखाली बघायला लागलो. तिथे काही नव्हतं.

साहेब उठले, फोटोपाशी गेले, कोटाचं बटण लावलं. "शीले," ते म्हणाले, "तुझंच खरं होतं. चहाचंच पाणी. मी तुला टेबलक्लॉथ घेऊन द्यायला हवा होता. अठ्ठेचाळीस वर्षं तू खरं बोलत होतीस आणि मी चारचौघांत तुला हसत होतो."

ते रडले नाहीत. रडले असते तर बरं झालं असतं. नुसते हार सरळ करत उभे राहिले.

मंगलने माझ्याकडे बघितलं. चौतीस वर्षांच्या संसारात तिला माझा घाम वाचता येतो. मला दंडाला धरून तिने स्वयंपाकघरात नेलं.

"काय केलंत?"

"काही नाही."

"काय केलंत, म्हटलं!"

सांगितलं. सगळं. कढीपत्त्यापासून चहापर्यंत. तिने कपाळावर हात मारला तो आवाज बाहेर गेला असणार.

"अगं, पण आता सांगून काय उपयोग? गेली ती गेली," मी कुजबुजलो. "उलट त्यांना वाटेल बायको खरी होती. तेवढंच तिला समाधान..."

"कोणाला समाधान? त्या फोटोला? अहो, तो माणूस न केलेल्या चुकीची गेलेल्या बायकोपाशी माफी मागतोय! आणि चूक करणारा इथे लपून बसलाय. चला बाहेर. आत्ताच्या आत्ता."

"हृदयाचा पेशंट आहे तो!"

"तुम्हीही आहात. बघू कोणाचं आधी बंद पडतं."

गेलो. उभ्या उभ्या सांगितलं, शाळेत काच फोडल्यावर मास्तरांपुढे सांगतात तसं. तपकिरी रंग, नेलपॉलिशचा वास, तुमचा घोट कडू होऊ नये म्हणून... वाक्यं माझी मलाच पोरकट वाटत होती. साहेब ऐकत होते. ओरडले नाहीत. एकच विचारलं.

"कुठे ओतलीत?"

"कढीपत्त्याला."

ते मागच्या दाराने बाहेर गेले. आम्ही मागोमाग. मावळतीचं ऊन अंगणात आडवं पडलेलं. साहेब कढीपत्त्याशी थांबले, कोट सावरला, आणि गुडघ्यावर हात ठेवून, एकेक हाड मोजत असल्यासारखे खाली बसले. आणि त्यांनी बुंध्याजवळची ओली माती मुठीत घेऊन नाकाशी धरली.

पंच्याहत्तरी पार केलेला माणूस, लग्नाच्या पन्नासाव्या दिवशी, कोट घालून माती हुंगतोय. हे चित्र माझ्यामुळे या जगात आलं. याहून खाली मी काय जाणार?

"आहे," ते मातीला म्हणाल्यासारखे म्हणाले. "वास आहे. पण मातीचाच जास्त येतो."

तेवढ्यात मागून भागीबाईंचा आवाज. "सायेब, ती बाटली अजून हाय बगा."

आम्ही तिघंही वळलो. भागीबाई दारात, हातात ती काळपट बाटली.

"धुतली नाहीत?" मी जवळजवळ किंचाळलो.

"नाय. धुवायला घेतली हुती, पन वास लई ग्वाड येत हुता. म्हटलं आसू दे. तळाला थोडं हाय, बुचाचा चुरा पडलाय त्यात. ह्ये सायेब म्हनले खराब हाय, म्हनून मी काय बोलले नाय."

बूच भुगा झाल्यामुळे शेवटचा घोट मी ओतलाच नव्हता! माझ्या हातून त्या दिवशी जे एकमेव शहाणपण झालं, तेही आळसाने झालं.

भागीबाईंनी फडक्यातून गाळून तो वाटीत काढला. स्टीलची वाटी, आमटीची. तीन-चार चमचे असेल नसेल. साहेब मागच्या पायरीवरच बसले. चमचा तोंडात घातला, डोळे मिटले. मंगलने माझा हात धरला. कुणास ठाऊक, धीर द्यायला की पळून जाऊ नये म्हणून.

"पलीकडे," साहेब म्हणाले. "चाळिशीच्या फार, फार पलीकडे."

त्यांनी वाटी मला दिली. मला! मी म्हटलं, "नको साहेब, माझी लायकी नाही." ते म्हणाले, "लायकी नाहीच. पण पंच आहात, घ्या."

चमच्याचं टोक बुडवून घेतलं. अहो, काय सांगू! जुना गूळ, काळ्या मनुका, संत्र्याची वाळलेली साल, आणि मागून आंबट अशी एक धार, जुन्या लोणच्यासारखी. भागीबाईंच्या सासूच्या लोणच्यासारखी! आणि त्या सगळ्यावर तरंगत तोच पॉलिशचा वास. इथाइल ॲसिटेटच होतं ते, त्यात चूक नव्हती. पण त्याच्यामुळेच तर बाकीचं सगळं वर उचललं जात होतं. माझं नाक बरोबर होतं, नाकामागचा माणूस चुकला. आणि चव जाईना. मी थुंकी गिळली, पाणी प्यालो, तरी आहेच. मघाशी चाखलेली चाळीस वर्षांची पोर्ट हिच्यापुढे शाळकरी वाटायला लागली.

मंगलने औषध म्हणून एक थेंब घेतला. भागीबाईंनी चमचा चाटून निकाल दिला, "लोनच्यासारखंच हाय."

साहेब वाटी घेऊन आत गेले. फोटोपुढच्या पेल्यातली माझी चहावाली भेसळ त्यांनी मोरीत ओतली, पेला विसळला, आणि उरलेले थेंब त्यात निथळवले.

"जिंकलो गं," ते म्हणाले.

आणि मग खुर्चीत बसले. कोटाची बटणं एकेक करून काढली.

"अठ्ठेचाळीस वर्षं भांडलो हिच्याशी, विलासराव. आज जिंकलो. आणि बघा, हरायला समोर कोणी नाही. एकट्याने जिंकून करतात काय?"

तुमच्याकडे याचं उत्तर असलं तर सांगा. मी खरंच विचारतोय.

थोड्या वेळाने, नको ते विचारण्याची माझी सवय म्हणून, मी विचारलं, "साहेब, अशा बाटलीची आज किंमत काय असेल?"

साहेब पहिल्यांदा हसले. आवाज न करता. "बाहेर तुमची स्कूटर उभी आहे ना? तशा दोन नव्या आल्या असत्या."

"दोन?"

"सध्या दोन्ही कढीपत्त्याखाली उभ्या आहेत."

परतताना स्कूटरवर मंगल गप्प. पळसदरीपर्यंत एक शब्द नाही. मी म्हटलं चला, सुटलो. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय हो, बत्तीस वर्षं त्या कारखान्यात तुम्ही काय काय चांगलं नापास केलं असेल?"

तेव्हापासून मला दुपारी खिडकीत बसलं की एकेक परत पाठवलेला टँकर आठवतो. रात्री झोप येते. दुपारी येत नाही.

कढीपत्ता आठ दिवसांत वाळला. पंधरा दिवसांनी साहेबांनीच फोन करून बोलावलं. मोठा माणूस! त्या दिवसाचा शब्द काढला नाही, की टोमणा नाही. दाराशी शीलाताईंच्या चपला तशाच होत्या. आत टेबलावर नवीन पांढरा लेसचा टेबलक्लॉथ अंथरलेला. मुलीकडून मागवला म्हणाले. मी कडेकडेने बसलो, सांडायला नको म्हणून.

हल्ली दर गुरुवारी जातो. साहेब माझ्याशी बोलतात, हसतात, चहा-बिस्किटं पुढे ठेवतात. फक्त मधेच दारावरची बेल वाजली आणि त्यांना उठावं लागलं, की ते शांतपणे माझ्यासमोरून आपला चहाचा कप उचलतात आणि सोबत घेऊन दार उघडायला जातात.